हक्काचं आधी, बक्षिसाचं नंतर

देवगाव रंगारी, ता. कन्नड
नवरात्र, पाचवी माळ

चि. ताईस,


तुझा मोबाईलवरचा लांबलचक मजकूर मामीनं वाचून दाखवला. उत्तर कागदावर लिहितोय, कारण एवढं सगळं बोटानं टाइप करणं माझ्याच्यानं होणार नाही.

वाळूजच्या कारखान्यात लागून तुला वर्ष होत नाही, तोच साहेबांनी काम सोपवलं की दिवाळीच्या आत कामगारांसाठी बक्षीस योजना तयार कर. हजेरी पडतेय, कंत्राटी पोरं दोन-तीन महिन्यांत सोडून जातायत, मशिनवर कुणाचं लक्ष नाही. म्हणून दर महिन्याच्या उत्तम कामगाराचा फोटो फलकावर, पूर्ण हजेरीला जादा पैसे आणि वर्षाअखेरीला एकाला मोटारसायकल. आणि शेवटी विचारलंस, ‘मामा, तुमच्या आरोग्य खात्याच्या आशाताई एवढ्याशा पैशात रात्री-अपरात्री धावायच्या. त्यांना ही उमेद कुठून यायची? तेच इथं आणता येईल का?’

मी जन्मभर आरोग्य खात्यात सहाय्यक म्हणून राबलो, म्हणून हा प्रश्न मला विचारलास हे बरं केलंस. पण कमी पैशात जास्त काम करून घ्यायची युक्ती म्हणून कुणी आशाताईंकडे बघणार असेल, तर त्यानं आधी त्यांचा हिशेब नीट मांडावा. तो मांडतो.

आशा योजना 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकवस्तीला एक बाई, त्याच गावात राहणारी. कागदावर ती स्वयंसेविका, म्हणून तिला पगार नाही. जे काम होईल त्याचा मोबदला. जननी सुरक्षा योजनेत बसणारी बाई दवाखान्यात बाळंत झाली तर 600 रुपये, त्यातले 300 गरोदरपणातल्या तपासण्यांचे आणि 300 बाळंतपणाचे. मग बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन वजन घ्यायचं, ताप बघायचा, आईला दूध पाजायचं नीट समजावायचं. या सहा भेटींचे मिळून 250. लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, कुटुंबनियोजन, प्रत्येकाचा दर निराळा.

कचेरीत बसून बघणाऱ्याला ही पद्धत फार न्यायाची वाटते. जेवढं काम तेवढा दाम. गावात काय व्हायचं ते बघ. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावच्या आशाताईनं महिनोन्‌महिने जिची गोळी चुकू दिली नाही, ती सातवा-आठवा लागला की निघून जाणार, आणि पुढचे पैसे दुसऱ्या गावच्या खात्यावर. दारिद्र्यरेषेखालची नाही, अनुसूचित जाती-जमातीची नाही, अशी बाई योजनेत बसत नाही. तिला रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर आशाताईनं काय म्हणायचं, तू यादीत नाहीस? ती जायचीच. महिन्याअखेरी कामांचा कागद भरायचा, सिस्टरची सही, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाची सही, आणि पैसे नेमके कधी येतील याचा भरवसा नाही. किराणावाल्याला तिनं कोणती तारीख सांगायची?

मग ती का जायची, हा तुझा खरा प्रश्न. मी जे जवळून पाहिलं त्यावरून सांगतो. एक, तिच्या हाती विद्या आली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, आणि त्या भागातले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशाताईंच्या घरभेटी त्याच कामाच्या पायावर उभ्या आहेत. आठवी शिकलेल्या सुनेला कळतं की या बाळाची छाती आत ओढली जातेय, आत्ताच्या आत्ता हलवायला पाहिजे. एवढं कळणं हीच तिची कमाई होती. दोन, तिच्या कामाचं फळ तिच्या डोळ्यांदेखत रांगायला लागायचं. आणि तीन, जिला घरातही कुणी विचारत नव्हतं, तिला गावातली म्हातारी माणसं थांबवून सल्ला विचारू लागली.

हे तिन्ही तुझ्या कारखान्यात आणता येतील, त्यावर पुढे येतो. पण त्यांच्या जिवावर चूल पेटत नाही. करोनात आशाताई दारोदार ताप मोजत फिरल्या आणि त्याच काळात, जून 2021 मध्ये, राज्यातल्या आशांना संप करावा लागला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्यापेक्षा मोठा फलक आणि मोठा फोटो जगात कुठला असेल? तरी ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा पुन्हा संपावर गेल्या आणि फेब्रुवारी 2024 मध्ये हजारोंनी मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडलं. मार्चमध्ये सरकारनं महिन्याला 5000 रुपयांची वाढ, नोव्हेंबर 2023 पासून, मंजूर केली तेव्हा कुठं त्या थोड्या सावरल्या. मोबाईलमध्ये भरायच्या माहितीचा वाढता बोजा हीसुद्धा त्यांची मोठी तक्रार होती. त्यांना ठरलेली रक्कम, ठरलेलं काम आणि ठरलेली तारीख पाहिजे होती. पुरस्कार त्यांनी आनंदानं घेतला, पण त्यानं यातलं काहीच भागलं नाही.

तुझ्या अभ्यासात हर्झबर्ग नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ असेलच. 1959 साली त्यानं मांडलं की पगार, सुरक्षितता, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी नीट नसल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या नीट आहेत एवढ्यानं तो पेटून कामाला लागत नाही. पेटून उठायला काम स्वतः अर्थपूर्ण लागतं, जबाबदारी लागते, केल्याची दखल लागते. तुमचे साहेब याचा दुसरा भाग वाचतात आणि पहिला गाळतात. पहिल्याशिवाय दुसरा उभा राहत नाही, हे आशाताईंनी आझाद मैदानात बसून सांगितलं.

बक्षीस वाईट असं मी म्हणत नाही. नागपूरला जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढे तुझ्याच साहेबांचं दुखणं होतं. कामगार पगार घेऊन गायब व्हायचे. त्यांनी बक्षीस समारंभ सुरू केले, त्यात घड्याळं, साखळ्या, कापडाचे तागे, रोख पैसे वाटले. पण एवढंच करून ते थांबले नाहीत. गिरणीत हवा सुसह्य ठेवणारी यंत्रं बसवली, आगीपासून बचावाची सोय केली आणि 1886 साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. तोवर असं काही करायला कायद्यानं त्यांना भाग पाडलेलं नव्हतं. घड्याळाची गोष्ट सगळे सांगतात, निधीची कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. पहिल्या महायुद्धाच्या नफ्यातून गिरणीमालक कामगारांना वर्षाला साधारण महिन्याभराच्या पगाराएवढा बोनस देऊ लागले. काही वर्षं तो मिळत राहिला. घरोघरी त्यावर दिवाळी ठरू लागली, सावकाराचे हप्ते ठरू लागले. 1923 चा बोनस मालकांनी नाकारला आणि 1924 च्या सुरुवातीला दीड लाखावर कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीनं निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. पुढं चाळीस वर्षं तंटे चालले आणि 1965 साली बोनसचा कायदा झाला. आता वर्षाच्या पगाराच्या किमान 8.33 टक्के, म्हणजे बारावा हिस्सा, द्यावाच लागतो. म्हणून तुझ्या योजनेच्या कागदावर दिवाळी बोनस ‘कंपनीची भेट’ म्हणून लिहिलेला असेल तर पहिल्यांदा ती ओळ खोड. जे देणं आहे ते भेट म्हणून दिलं की कामगार मनातल्या मनात हसतो, आणि त्यानंतर खरी भेट दिली तरी त्याला ती खरी वाटत नाही.

आता पूर्ण हजेरीच्या पैशांचं. हे मी आरोग्य खात्याचा माणूस म्हणून लिहितोय. मूळ पगार कमी आणि एकही खाडा नसेल तरच जादा भत्ता, असं ठेवलंस तर डेंग्यूचा ताप अंगात घेऊन पोरगं पंचिंग करायला येईल. ते प्रेस मशिनवर उभं राहील. बोटं गेली तर त्याचं पुढचं आयुष्य त्या भत्त्यात भरून निघणार नाही. हजेरीला काही द्यायचंच असेल तर एका खाड्यानं सगळं बुडेल असं ठेवू नकोस, आणि आजारपणाची रजा त्यातून वगळ. मुळात हजेरी का पडते ते आधी विचार. शेतातून आलेली पोरं आहेत. इथं मका सोंगायला आला, कापूस फुटला, अद्रक काढायला आली की घरून बोलावणं येणारच. पाळ्यांचं वेळापत्रक महिनाभर आधी लावलंत आणि आपसात पाळी बदलायची मुभा दिलीत, तर निम्मे खाडे बक्षिसाशिवाय कमी होतील असं मला वाटतं.

उत्पादनावर बक्षीस लावण्याआधी आपल्याच रानातला कापूस आठव. वेचणी किलोवर दिली की बायका झपझप वेचतात, पण बोंडाबरोबर पाला-कवडी येते आणि व्यापारी भाव पाडतो. रोजानं लावली की कापूस स्वच्छ, पण हात सावकाश. म्हणून शहाणा शेतकरी किलोचा दर ठरवतो आणि स्वतः रानात उभा राहतो, पाणी देतो, बोलत राहतो. तुमच्याकडे नुसत्या नगांवर बक्षीस लावलं तर नग वाढतील, आणि खराब मालाचा ढीगही वाढेल.

सालगड्याचं पण तुला ठाऊक आहे. पाडव्याला साल ठरतं, ते ठरलेलं मिळतं. पोळ्याला नवे कपडे मिळतात ते सालाच्या वर. मालकानं कपडे दिले म्हणून साल कापलं, तर तो गडी पुढच्या पाडव्याला त्या वाड्यावर फिरकत नाही. आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या गावाला हा फरक पिढ्यान्‌पिढ्या कळतो.

1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला. तेव्हापासून लग्न जमवताना मुलीकडचे पाहुणे पहिल्यांदा हेच विचारतात, ‘पोरगा परमनंट आहे का?’ त्या एका प्रश्नात कामगाराला काय पाहिजे ते सगळं आहे. तुमची बहुतेक पोरं कंत्राटी. कोणतं काम किती दिवस नीट केलं की कायम होण्याची पाळी येते, हे लिहून भिंतीवर लावता येईल का, ते साहेबांना विचार. मोटारसायकल एकाला मिळेल आणि बाकीचे चिठ्ठी निघाल्यासारखं बघत राहतील. कायम होण्याची ही पायरी मात्र सगळ्यांना दिसेल.

आणि आता आशाताईंकडून शिकायच्या त्या तीन गोष्टी. विद्या दे: एका मशिनवरच्या पोराला दुसरं मशिन शिकव, आणि शिकल्याचा दाखला दे जो तो दुसरीकडेही दाखवू शकेल. फळ दाखव: त्यानं केलेला भाग कोणत्या गाडीत बसतो ते त्याला एकदा नेऊन दाखव. मान दे: सुपरवायझरला सांग की चारचौघांत आईबहिणीवरून बोलणं बंद, आणि चांगलं काम झालं त्याच दिवशी, नाव घेऊन, दोन शब्द. कंत्राटी आणि कायम यांना मिठाईचा डबा एकाच आकाराचा. याला फार पैसे लागत नाहीत, पण रोज लक्ष द्यावं लागतं. पगाराची तारीख चुकत असेल तर मात्र यातलं काहीही सुरू करू नकोस. आधी तारीख पाळा.

तुझ्याबद्दल एक. रात्री अकरालाही तुझ्या फोनवर कामाचे निरोप येतात, असं तुझी आई म्हणाली. 2024 मध्ये पुण्यात एका मोठ्या हिशेब-तपासणी कंपनीतली 26 वर्षांची मुलगी नोकरीला लागून काही महिन्यांतच गेली, आणि कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईनं कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली मिळून सांगितलं की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. तरी आपल्या राज्यात कारखान्यांतला कामाचा दिवस बारा तासांपर्यंत नेण्याला मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. तास वाढले तर दुप्पट दरानं जादा पैसे मिळतील, पण शरीराला तो हिशेब कळत नाही. रात्री नऊनंतर फोन बंद ठेव. दुसऱ्यांच्या ताणाचा बंदोबस्त करणाऱ्यानं स्वतःचा पहिला करावा.

साहेबांपुढे योजना ठेवशील तेव्हा फोटोचा फलक आणि मोटारसायकल शेवटच्या पानावर ठेव. पहिल्या पानावर चार ओळी लिही: पगाराची तारीख, पाळ्यांचं वेळापत्रक, आजारपणाची रजा, कायम होण्याची पायरी. त्या चारांवर सही झाली तर बक्षीस योजना जरूर काढ, मी स्वतः समारंभाला येईन. नाही झाली तर ही योजना तुझ्या नावानं निघू देऊ नकोस.

तुझा,
मामा