ओठ न मिटता पळणाऱ्या शब्दास

प्रिय स्किडॅडल,

'प्रिय' लिहितोय खरा, पण गेल्या महिन्यात तुझ्यापायी माझा अख्खा दिवस पाण्यात गेला, हे आधी सांगून टाकतो. मी इंग्रजी कार्टूनचे मराठी संवाद लिहितो. एका भागात उंदरांची म्हातारी आजी होती. मांजराची चाहूल लागताच ती नातवंडांवर ओरडते, 'स्किडॅडल!' आणि पिल्लं कपाटाखाली गडप. एक शब्द, एक सेकंद. मी सहज लिहून दिलं, 'पळा, पळा!'

आजीचा आवाज देणाऱ्या बाई नाटकात मुरलेल्या. हेडफोन चढवून त्यांनी दोन टेक दिले आणि काचेपलीकडून म्हणाल्या, "अहो लेखक, तुमची उंदरीण ओठच मिटत नाहीये."

पाहिलं तर खरंच. तुझ्यात प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर नाही. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात, मग ते माणसाचे असोत की उंदराचे, आणि पडद्यावर तर तोंड उघडंच. मी एकेक शब्द काढत गेलो. 'पळा' गेलं, 'पसार व्हा' गेलं. 'फुटा' आजीच्या तोंडी शोभत नाही, शिवाय फ. 'पोबारा'त ओठ दोनदा मिटतात. 'सुंबाल्या'त ब दडलेला, 'धूम ठोका'त म. 'काढता पाय घ्या' म्हणेपर्यंत मांजराने चार पिल्लं खाल्ली असती. मराठीत पळण्यासाठी शब्द ढिगाने आहेत, पण बहुतेक सगळे ओठ मिटून पळतात, ही गोष्ट वीस वर्षं या धंद्यात काढून माझ्या लक्षात आली नव्हती.

म्हणून त्या रात्री तुझं कूळ शोधायला बसलो. तुझ्या भावंडांचं, म्हणजे पळ काढण्याच्या इतर इंग्रजी शब्दांचं, सोपं आहे. वामूस हा स्पॅनिश 'वामोस', म्हणजे 'चला'. टेक्सासकडच्या अमेरिकनांनी ऐकला आणि खिशात घातला. स्कार्पर हा इटालियन 'स्काप्पारे', डोंबारी-नाटकवाल्यांच्या बोलीतून लंडनच्या रस्त्यावर आलेला. अ‍ॅब्स्क्वॉचुलेट तर निव्वळ थट्टा, लॅटिनचा अंगरखा चढवलेलं अमेरिकन सोंग. तुझ्या बापाचा मात्र पत्ता नाही. पंडितांनी तुला 'विखुरणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाला नेऊन चिकटवलं. पंडितांना काय, कुठलंही पोर ग्रीकांच्या दारात ठेवता येतं. मला पटते ती दुसरी गोष्ट. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत तू म्हणजे सांडणं, चरवीतून दूध हिंदकळून सांडतं तसं.

पटण्याचं कारण सांगतो. २१ जुलै १८६१, रविवार. अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई, व्हर्जिनियात, बुल रन नावाच्या ओढ्याकाठी. वॉशिंग्टनपासून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. उत्तरेचे बरेच शिपाई नव्वद दिवसांच्या बोलीवर भरती झालेले. काहींची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. एका फटक्यात बंड मोडणार याची राजधानीला इतकी खात्री, की खासदार, बायका, बातमीदार टांगे करून, खाण्याच्या टोपल्या आणि दुर्बिणी घेऊन मागच्या टेकाडावर तमाशा बघायला आले. दुपारपर्यंत उत्तरेची सरशी होती. मग दक्षिणेला ताजी कुमक मिळाली, उत्तरेची फळी मोडली आणि माघार सुरू झाली. तीही तशी शिस्तीतच चालली होती म्हणे. पण कब रन नावाच्या दुसऱ्या ओढ्याच्या पुलावर तोफेचा गोळा येऊन पडला, एक गाडी उलटली आणि वाट बंद झाली. बस्स. चरवी कलंडली. मागून येणाऱ्यांनी बंदुका टाकल्या, पिशव्या टाकल्या, गाड्यांचे घोडे सोडून त्यांवर मांड टाकली. शिपाई, खासदार, टांगेवाले सगळे एकाच रस्त्याने राजधानीकडे सांडत गेले. न्यूयॉर्कचे खासदार अल्फ्रेड एली दक्षिणेच्या हाती लागले आणि पाचेक महिने रिचमंडला, तंबाखूच्या कारखान्याचा तुरुंग केला होता तिथे, राहून आले. लंडनच्या 'टाइम्स'चे बातमीदार विल्यम रसेल यांनी ही पळापळ जशी दिसली तशी लिहिली, तर उत्तरेने त्यांचंच नाव 'बुल रन रसेल' ठेवलं. पळाले शिपाई, बट्टा लागला लिहिणाऱ्याला. हसू नये, कारण त्या दिवशी दोन्हीकडची मिळून आठशेंवर माणसं मेली. पण लोक हसलेच. त्या पळापळीला 'ग्रेट स्किडॅडल' हेच नाव चिकटलं.

खरी गंमत पुढे आहे. तीनच आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये तू छापून आलास, तो दक्षिणेच्या सैनिकांनी पायाला पाय लावून पळ काढला असं सांगायला! आपले पळाले त्याची जखम ओली असताना उत्तरेने तुला 'त्यांच्या'साठी वापरलं. मग दोन्ही बाजू तुला चेंडूसारखं एकमेकांवर फेकत राहिल्या. तू कधी पळणाऱ्याचा नव्हतास. तू मागे उभं राहून बोट दाखवणाऱ्याचा.

इथे आमचा 'पोबारा' तुझ्यापेक्षा उदार वाटतो मला. तो सोंगट्यांच्या पटावरून आलाय. पोबारा म्हणजे नशीबवान दान. पोबारा करणाऱ्याचं निदान दान तरी पडलेलं असतं. 'गाशा गुंडाळणे' तर चक्क नीटनेटकं काम, कारण गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं कापड. घाईतसुद्धा घडी घालून जाणारा तो माणूस! तुझ्यात घडीबिडी काही नाही.

तरी एका ठिकाणी तुला पळणाऱ्यांनीच घरात घेतलं. मार्च १८६३ मध्ये उत्तरेत सक्तीच्या भरतीचा कायदा आला. ३०० डॉलर भरले की सुटका. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, म्हणजे सुटकेची किंमत त्याच्या जवळजवळ दोन वर्षांच्या कमाईएवढी. ज्याच्याकडे पैसे होते तो कायदेशीर घरी राहिला. नव्हते त्यांतले काही मेन राज्याची सीमा ओलांडून तेव्हाच्या ब्रिटिश न्यू ब्रन्सविकच्या जंगलात शिरले. भरती टाळणारे आणि छावणीतून निसटलेलेही. लोक त्यांना 'स्किडॅडलर' म्हणू लागले. कार्लटन परगण्यात त्यांनी जिथे झाडं तोडून वस्ती केली, त्या डोंगरसोंडेचं नाव स्किडॅडल रिज. शिवी पत्त्यावर लिहून पत्रं मागवणारी माणसं. तुझ्या अख्ख्या चरित्रात मला हीच जागा आवडते.

आता तू म्हातारा झालास. तुझ्यातली बंदूक गेली, शरम गेली. आजी नातवंडांना हाकलायला तुला वापरते, पोरं खिदळतात. तीनशे डॉलर नसलेला तो पोरगा तुझ्या पोटात अजून पळतोय, हे कार्टून काढणाऱ्यांच्या गावीही नसणार.

स्टुडिओत शेवटी काय झालं, ते सांगायचं राहिलंच. मी कागद खाली टाकला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा, मी बघते." लाल दिवा लागला. आजी ओरडली, "सटका रे!" स, ट, क, र. एकदाही ओठ मिटले नाहीत. पिल्लं कपाटाखाली गेली आणि रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. तुझ्या जागी 'सटका' बसला आहे. राग मानू नकोस, चांगल्या घरचा नाही तोही.

तुझा,
एक संवादलेखक

ता. क. : एक सांगायचं राहिलं. तू छापखान्यात शिरलास त्याच १८६१ साली, इकडे नाशिकजवळ देवळालीला गोऱ्या सैन्याची छावणी उभी राहिली. मुदत संपलेले शिपाई तिथे मायदेशीच्या जहाजाची वाट बघत. जहाजं थंडीच्या दिवसांतच निघत. उशीर झाला तर सगळा उन्हाळा तिथेच. ना लढाई, ना घर. काहींची डोकी फिरली. त्यावरून तुमच्या इंग्रजीत 'डुलाली टॅप' आला: डुलाली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. तिकडे तू पळत सुटला होतास, इकडे हा जहाजाकडे डोळे लावून बसला होता. कधी भेटलाच तर विचारपूस कर. ताप आमचा आहे, पण परत मागणार नाही म्हणावं.