सदऱ्यावरचा पिवळेपणा

नोकरीच्या निमित्ताने भाचा साताऱ्यास आमच्याकडे राहावयास आला, आणि त्याच्या पांढऱ्या सुती सदऱ्यांची देखभाल ओघानेच माझ्याकडे आली. दिवसभर कचेरीत माणसांत वावरणाऱ्या तरुणाने सकाळी बगलेत डिओ लावून बाहेर पडावे यात वावगे काहीच नाही. परंतु काही महिन्यांतच त्या सदऱ्यांच्या बगलांवर पिवळसर, ताठर आणि हाताला मेणचट लागणारे असे डाग उमटले, की ज्यांनी साबण, ब्रश आणि नीळ या माझ्या नित्याच्या तिन्ही साधनांना दाद दिली नाही. बाहेर धुण्यास दिलेले सदरे कडक इस्तरी होऊन आले खरे, पण उष्णतेने तो पिवळेपणा अधिकच पक्का झाला होता.

अशा प्रसंगी मला माझ्या माहेरच्या सांगलीची आठवण झाली. माझे मामा हळदीच्या एका अडतीवर मुनीम होते, आणि ज्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या हळदीची साठवण हरिपूरच्या भुईतील पेवांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली व २००५ च्या महापुराने ज्या पेवांची फार मोठी हानी केली, तिचा पिवळा रंग मामांच्या धोतरावर आणि बाराबंदीवर रोज संध्याकाळी घरी येत असे. त्या डागाला साबण लावताच तो रक्तासारखा लाल होई आणि आम्ही मुले घाबरून जात असू. मामी मात्र कधीही विचलित होत नसत. "आधी डाग कशाचा ते विचार, मग साबणाला हात लाव," असे त्या म्हणत, आणि कपडा स्वच्छ पाण्यातून खळबळून उन्हात पसरून ठेवीत. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळदीतील कुरकुमिन लाल होते, चुन्याच्या योगाने हळदीचे कुंकू होते तेही याच गुणाने, आणि सूर्यप्रकाशात हेच कुरकुमिन विरून जाते, हे शास्त्र मला पुष्कळ पुढे समजले. त्याचा व्यवहार मात्र मामींना पाठ होता.

तोच दंडक मी सदऱ्यांना लावला आणि डाग कशाचा याची चौकशी केली. नुसत्या सुगंधाचे द्रव्य आणि घाम अडविणारे द्रव्य या दोन भिन्न वस्तू होत. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घर्मग्रंथींची तोंडे तात्पुरती बंद करतात, परंतु घामातील प्रथिने व त्वचेवरील स्निग्धांश यांच्याशी मिळून धाग्यांत घट्ट बसतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी दाढीनंतर लावलेल्या तुरटीतही ॲल्युमिनियम आहेच, आणि सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटीचे पाणी देत आले ते याचसाठी की ही धातू एका अंगाने धाग्याला व दुसऱ्या अंगाने रंगाला धरून ठेवते. जी वस्तू रंग पक्का करण्याकरिता शतकानुशतके वापरली गेली, ती धाग्यात शिरल्यावर केवळ घासण्याने निघावी ही अपेक्षाच गैरवाजवी होती.

यावरून इलाजाची तजवीज ठरली. प्रथम व्हिनेगर व थंड पाणी समभाग घेऊन डागाचा भाग त्यात तासभर भिजत ठेवला, कारण आम्लाने ॲल्युमिनियमचे क्षार सैल होतात. मग तो भाग भरपूर पाण्याने धुऊन, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तितकेच पाणी घालून, त्यात खाण्याचा सोडा व भांडी घासण्याच्या द्रवाचे थेंब मिसळून तो लेप डागावर चोळला आणि अर्ध्या तासाने सदरा नेहमीप्रमाणे धुतला. जुन्या डागांना हा उपचार पुन्हा द्यावा लागला. परंतु कापडाचा ताठरपणा पहिल्याच खेपेस गेला आणि पिवळेपणा क्रमाक्रमाने ओसरला. क्लोरीनचे ब्लीच मी मुद्दाम दूर ठेवले, कारण त्याने हे डाग उलट अधिक पिवळे पडतात, आणि व्हिनेगरशी त्याचा संयोग झाल्यास विषारी वायू निघतो. रंगीत कापडावर पेरॉक्साइड आधी आतल्या शिवणीवर लावून पाहावे, आणि रेशमी व लोकरी वस्त्रांवर हा प्रयोग करूच नये. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्तरी फिरवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

भाच्यालाही मी हे सारे समजावून सांगितले: बगलेतील द्रव्य वाळल्यावरच सदरा अंगात घालावा, संध्याकाळी तो कोपऱ्यात न टाकता त्याच दिवशी उलटा करून भिजवावा. "मावशी, हे मला आधी कोणी सांगितलेच नव्हते," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. धुणे हे घरातील बायकांचे काम अशी आपली समजूत दृढ असल्यामुळे मामींसारख्यांचे हे ज्ञान मुलींपुरतेच राहिले, आणि ज्यांनी वस्त्रे अंगावर घातली त्यांच्या वाट्याला ते आलेच नाही. चांगले विणलेले कापड अनेक हातांच्या श्रमाचे फळ असते. एका डागासाठी ते अकाली बाद करणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून लेखन-वाचनाप्रमाणेच ही विद्याही प्रत्येक मुलाला त्याच्या घरातच मिळावी, असे माझे निश्चित मत आहे.