कासविणीचा हजेरी क्रमांक

आमच्या भातकुलीला समुद्र नाही. खारं पाणी मात्र आहे, विहिरींतलं! हा सारा खारपाणपट्टाच. म्हणूनच की काय, समुद्राचा विषय निघाला की आमच्या वर्गात प्रश्नांचा पाऊस पडतो. मग मी ०३२३३ ची गोष्ट सांगते.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची छोटी पट्टी लावली. तिच्यावर हा क्रमांक होता. जानेवारी २०२५ मध्ये हीच कासवीण अंडी घालायला आली ती थेट कोकणात, गुहागरला! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असा समज होता. एका क्रमांकानं त्याला धक्का दिला.

“बाई, तिले रस्ता कसा गवसला असन?” एका मुलीनं विचारलं.

कासवांना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं. जणू अंगातलं होकायंत्रच. त्यांची वाट आता उपग्रहही सांगतात. २०२३ मध्ये गुहागरला ‘बागेश्री’ नावाच्या मादीच्या पाठीवर यंत्र बसवलं. श्वास घ्यायला ती वर आली की संदेश उपग्रहाला मिळे. तीही श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

पण ०३२३३ च्या पाठीवर यंत्र नव्हतं. अंडी घालून मादी लगेच समुद्रात परतते. तेवढ्या वेळात कुणीतरी पट्टी पाहिली, क्रमांक नीट टिपला, म्हणून हे कळलं.

पक्ष्यांच्या पायांतही अशी कडी असतात. तळ्यावर दिसलं तर पक्ष्याला न छेडता क्रमांक लिहून घ्या आणि वनखात्याला कळवा. कुठलातरी शास्त्रज्ञ त्याचीच वाट पाहत असेल!