सध्या काय वाचताय?



बीपी बघून झालं, गोळ्या लिहून झाल्या, की चिठ्ठी हातात देता देता मी पेशंटला एक प्रश्न विचारतो, "सध्या काय वाचताय?" नेहमीचे पेशंट सरावले आहेत. नवीन माणूस मात्र गोंधळतो. एक आजी तर म्हणाल्या होत्या, "मी कशाला वाचू? तुम्हीच वाचा की, तुमचंच अक्षर हाय!"

एरवी मी इथे साखर, थायरॉइड, गुडघेदुखी यांवर लिहितो. आजचा लेख पुस्तकांवर आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण या साध्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा नीट ऐकलं नव्हतं, आणि ते फार महागात पडलं असतं.

वेटिंगमधली वही

आमच्याकडे नंबर यायला कधी कधी तासभर लागतो. सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसलेले असायचे. काही वर्षांपूर्वी मी टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आणि दोरीला पेन बांधलं. वहीत तीन रकाने आहेत: पुस्तकाचं नाव, कसं वाटलं, कुणी वाचावं. स्वतःचं नाव लिहायची सक्ती नाही.

पहिले पंधरा दिवस लहान मुलांनी हत्ती आणि विमानं काढली. मग कुणीतरी 'बनगरवाडी' लिहिलं. पुढे लिहिलं होतं, "लहान आहे, दोन दिवसांत होतं. पण मनातून जात नाही." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "खरं आहे." तिथून वही सुरू झाली.

तसं हे कोल्हापूरला नवीन नाही. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठीचा देशातला पहिला कायदा १९४५ मध्ये केला तो कोल्हापूर संस्थानानं. 'मृत्युंजय' लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, 'स्वामी'कार रणजित देसाई कोवाडचे, 'झोंबी'चे आनंद यादव कागलचे. 'रिंगाण'साठी २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले कृष्णात खोतही आपल्याच जिल्ह्यातले. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याइतकंच हेही आपलं आहे. आपण फक्त ते पाहुण्यांना सांगत नाही.

वहीतल्या शिफारशी कुठल्याही परीक्षणापेक्षा मला जास्त उपयोगी वाटतात. 'झोंबी'पुढे एका शेतकऱ्यानं लिहिलंय, "बापाचा राग येत होता, तो अर्धा गेला." 'रिंगाण'पुढे, "धरणात ज्यांचं गाव गेलं त्यांनी वाचा. ज्यांचं गेलं नाही त्यांनी आधी वाचा." आणि शंकर पाटलांच्या कथांपुढे हर्नियाच्या ऑपरेशननंतर आलेल्या एका गृहस्थांनी मोठ्या अक्षरात इशारा दिलाय, "टाके असणाऱ्यांनी वाचू नये!" वैद्यकीयदृष्ट्या हा सल्ला अगदी बरोबर आहे.

पुढचं पुस्तक कोणतं?

हे मला बरेच जण विचारतात. 'वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' वगैरे याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. औषध देताना वय, वजन, किडनी बघावी लागते. पुस्तक सुचवतानाही माणूस बघावा लागतो.

केमोथेरपी चालू असताना लक्ष टिकत नाही. चार पानं वाचून पहिलं पान विसरायला होतं. अशा वेळी जाडजूड कादंबरी घेऊ नका. लहान कथा, ललित लेख घ्या. एका बैठकीत एक संपला की बरं वाटतं. बायपास झाली असेल तर सुरुवातीचे आठवडे पुस्तकाचं वजनसुद्धा बघा, जाड ग्रंथ छातीवर टेकवून वाचू नका. झोप लागत नसेल तर रात्री रहस्यकथा नको. ती दुपारी वाचा. रात्री पूर्वी वाचलेलं, ओळखीचं पुस्तक कागदावर वाचा, मोबाईलवर नको.

आणि आजारी माणसाला त्याच्याच आजारावरचं पुस्तक न विचारता भेट देऊ नका. ही चूक मी स्वतः केली आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या एका ताईंना मी कॅन्सरवरचंच एक उत्तम पुस्तक दिलं. पुढच्या वेळी त्यांनी ते परत आणलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसभर तेच चाललंय हो. मला 'चिमणराव' द्या."

वाचनानं आयुष्य वाढतं का, असंही लोक विचारतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशीपुढच्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांची १२ वर्षांची माहिती त्यांनी तपासली. पुस्तकं वाचणारे लोक न वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले असं त्यात दिसलं. पण वाचनामुळेच ते जास्त जगले, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. वाचणाऱ्या माणसाचं वाचन थांबलं, तर ते का थांबलं हे बघायला हवं.

गुरुजींनी दिलेलं पुस्तक

हे मी पेशंटच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आमच्या वहीत सर्वांत जास्त नोंदी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, बीपी आणि थोडी साखर. दर महिन्याला येणार, नंबर मागचा असला तरी लवकर येऊन बसणार आणि वहीत सुवाच्य अक्षरात नोंद करणार. इतरांच्या नोंदींतलं शुद्धलेखनही लाल पेनानं सुधारायचे. त्यावरून एकदा वेटिंगमध्ये भांडणसुद्धा झालं.

त्यांच्या पत्नी वारल्या. त्यानंतर दोन महिने वहीत त्यांची नोंद नाही. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "आता काही वाचत नाही, डॉक्टर. मन लागत नाही." मी म्हटलं, "होतं असं, गुरुजी. वयही झालं आता. विश्रांती घ्या." बीपी बरोबर होतं. वजन तीन किलो कमी झालं होतं, ते मी साखरेच्या पथ्याच्या खात्यावर टाकलं आणि शाबासकीही दिली.

पुढच्या महिन्यात ते पिशवीतून 'मृत्युंजय' घेऊन आले. खाकी कव्हर घातलेलं, कोपऱ्यात शाईनं नाव आणि तारीख. नोकरीच्या सुरुवातीच्या पगारातून घेतलेलं. म्हणाले, "हे तुमच्याकडे असू दे. मी ठेवून काय करू?" मला भरून आलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, घरी जाऊन बायकोला दाखवलं.

आठवड्यानं त्यांची सून लहान मुलाचा ताप दाखवायला आली. जाता जाता म्हणाली, "डॉक्टर, आण्णा पुस्तकांचं कपाट रिकामं करायलेत. शाळेला दिली, शेजारच्या पोराला दिली. घर मोकळं होतंय म्हणून आम्ही बी काय बोललो न्हाई. पण पहाटे तीनलाच उठून बसतात."

मी हातातलं काम थांबवलं. वाचन सुटलेलं, वजन उतरलेलं, पहाटेची झोप उडालेली, आणि आयुष्यभर जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. हे सगळं एकत्र आलं की काय समजायचं, हे मी एमबीबीएसला शिकलो होतो. फक्त समोर ओळखीचे गुरुजी होते आणि मला भेट मिळाली होती, म्हणून मला ते दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मग मी सरळ विचारलं, "गुरुजी, जगणं नको, असं मनात येतं का?"

बरेच लोक हा प्रश्न विचारायला घाबरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "येतं. रोज येतं." उशीखाली त्यांनी झोपेच्या गोळ्या साठवल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. घरातली सगळी औषधं सुनेच्या ताब्यात दिली, काही दिवस त्यांना एकटं ठेवलं नाही. नैराश्याची औषधं पॅरासिटामॉलसारखी तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला आणखी. तोपर्यंत धीर धरावा लागतो, आणि बरं वाटलं म्हणून मनानं औषध बंद करायचं नसतं.

वाचन का सुटतं?

गुरुजींनंतर "आता वाचत नाही" हे उत्तर मी सोडून देत नाही. पुढचा प्रश्न विचारतो: वाचावंसं वाटत नाही, की वाचता येत नाही?

वाचावंसंच वाटत नसेल तर आणखी दोन गोष्टी विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? ज्यात एरवी आनंद वाटायचा त्यातही रस वाटेनासा झाला का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर नीट तपासणी हवी. 'वय झालं' हे त्याचं निदान नाही.

वाचावंसं वाटतं पण अक्षरं लागत नाहीत, तर बहुधा डोळे. चाळिशीला चाळशी लागते, हे आपल्या भाषेनंच सांगून ठेवलंय. पण चष्मा बदलूनही धूसर दिसत असेल तर मोतीबिंदू असू शकतो. सरळ ओळ वाकडी दिसते, किंवा शब्दाच्या मधलं अक्षरच गायब होतं, तर पडद्याचा आजार असू शकतो. तिथे उशीर नको. मधुमेह असेल तर दिसायला उत्तम असलं तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी कराच.

चष्मा ठीक, तरी ओळ संपली की पुढची ओळ सापडत नाही, अशी तक्रार घेऊन एक रिक्षावाले मामा आले होते. त्यांना वाटलं नंबर वाढला. प्रत्यक्षात मेंदूतल्या छोट्या झटक्यामुळे दोन्ही डोळ्यांची डावी बाजू दिसत नव्हती. डावी बाजू गेली की ओळीची सुरुवात हरवते. उजवी गेली की पुढचा शब्द येताना दिसत नाही.

कॅनडातले रहस्यकथालेखक हॉवर्ड एंगल यांचं उदाहरण तर विलक्षण आहे. २००१ मध्ये एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, तर अक्षरं परक्या लिपीसारखी दिसू लागली. त्यांना स्ट्रोक झाला होता. गंमत म्हणजे लिहिता येत होतं, पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नव्हतं. चिकाटीनं त्यांनी पुन्हा थोडं थोडं वाचायला शिकून पुढे कादंबरीही लिहिली. लक्षात ठेवा, अचानक वाचता येईनासं झालं, दिसेनासं झालं, बोलणं अडखळलं, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि डोळे खरंच साथ देत नसतील, तर वाचून घ्या. आपल्या वि. स. खांडेकरांची दृष्टी उतारवयात गेली, तरी दुसऱ्याकडून वाचून घेणं आणि सांगून लिहवून घेणं त्यांनी सोडलं नाही. आज तर मोबाईलवर पुस्तकं ऐकताही येतात. पण नातवंडाला शेजारी बसवून दहा पानं वाचून घेण्यात दोघांचाही फायदा आहे.

वहीतली नवी नोंद

गुरुजींना पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं, यावर मी बराच विचार केला. मोठं नको, दुःखाचं नको, उपदेशाचं तर मुळीच नको. शेवटी सुनेनंच युक्ती केली. नातवाचं बालभारतीचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आण्णा, ह्याला धडा येत न्हाई, जरा बघा की." पहिल्या दिवशी अर्धं पान झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या पुस्तकातली एक चूक शोधून काढली. सुनेनं मला फोन करून सांगितलं. मी म्हटलं, "औषध लागू पडलं."

चार महिन्यांनी वहीत त्यांची नोंद दिसली. पुस्तकाचं नाव सांगत नाही, लेखक आपल्या ओळखीचे आहेत. दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, "आवडले नाही. तरी पूर्ण वाचले." तिसऱ्या रकान्यात, "ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचावे." वरच्या तीन नोंदींतलं शुद्धलेखन लाल पेनानं सुधारलेलं होतं.

'मृत्युंजय' मी परत द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "वाचलंत का?" मी गप्प. "मग वाचून द्या." ते अजून माझ्याकडेच आहे, अर्ध्यावर आलोय.

तुमच्या घरातलं कुणी वाचायचं थांबलं असेल, पोथी असो, पेपर असो की कादंबरी, तर आज एकदा विचारा. जपलेल्या वस्तू कुणी अचानक वाटू लागलं, तर नुसते आभार मानून थांबू नका. मनावर फार भार असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही, मोफत बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा रिपोर्टची फाईल आणाच, पण सध्या काय वाचताय तेही वहीत लिहून जा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ती बघायला माणूस आहे.