आखूड क्रँकचं ऋण

अण्णांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आमच्या पेठेत, मारुतीच्या देवळाला लागून होतं. माझा डावा पाय आज जिने चढतो-उतरतो, यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांइतकाच अण्णांचा वाटा आहे, असं मी मनापासून मानते.

नडगीचं हाड वर गुडघ्याच्या सांध्यातच फुटलं होतं. प्लेट बसली, वॉकर सुटला, पण गुडघा काटकोनाच्या जरा पुढे जाऊन अडायचा. मांडीचा स्नायू पार वाळलेला. फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, घरात व्यायामाची सायकल आणा. अंगाचा भार सीटवर राहतो, सांध्याला फार ताण न देता गुडघा मोकळा होतो. कुठली आणायची, ते मात्र मलाच ठरवायचं होतं.

शोरूममधून आणलेली पत्रकं मी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली, स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, “बाई, आधी पाय बघू द्या.” गुडघा मुडपायला लावला, कुठे अडतो ते नीट पाहिलं.

मग त्यांनी एकेक सायकल समजावली. स्पिन बाइकचं जड चाक पायडलशी पक्कं जोडलेलं असतं, त्यात ‘फ्री’ नसतो. आपण थांबलो तरी चाक पायाला ओढत नेतं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण अडलेल्या गुडघ्याला ती ओढ धोक्याची. वर उंच सांगाड्यावरून टांग टाकायची! पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची सायकल मला खरं तर आवडली होती. चढायला सोपी, कंबरेला आधार. पण ती आमच्या खोलीत मावत नव्हती. राहिली साधी उभी सायकल, दांडी नसलेली.

अडचण पुढेच होती. पायडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण 110 अंश मुडपावा लागतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. सीट वर घेतली की वरच्या टोकाला गुडघा कमी मुडपतो, पण फार वर घेतली तर पाय खाली पुरत नाही आणि कंबर डोलायला लागते.

अण्णांनी जुन्या बाजारातून एक उभी सायकल मिळवली. फ्री चांगला, पट्ट्याचा ब्रेक अगदी सैल करता येणारा. तिचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, 170 मिलिमीटरचा होता. त्यांनी डाव्या बाजूची कॉटर पिन ठोकून काढली आणि तिथे लहान मुलांच्या सायकलचा 140 मिलिमीटरचा क्रँक बसवला. दुखरा पाय डावा होता हे बरंच झालं. उजव्या क्रँकला चेनचं चक्र असतं, तिथे हे इतकं सहज जमलं नसतं. डाव्या पायडलचे आटे उलटे, त्यामुळे पायडलही डाव्याच बाजूचं शोधून लावलं. आता डावं पायडल वर येताना तीन सेंटिमीटर खालीच राहणार होतं. मॅडमना मी हे सगळं दाखवलं, तेव्हा त्यांनी अण्णांना क्लिनिकमध्ये बोलावून घेतलं आणि अशीच आणखी एक सायकल करून द्याल का, म्हणून विचारलं.

सुरुवातीला मी पायडल पाळण्यासारखं नुसतं पुढे-मागे झुलवायची. मग एकदा उलट्या बाजूने फेरा पुरा झाला, आणि काही दिवसांनी सुलटा. त्या दिवशी मी दुकानापर्यंत काठी टेकत गेले, केवळ हे सांगायला. अण्णा हातातलं चाक तसंच सोडून उठले.

पुढे गुडघा खुलल्यावर त्यांनीच येऊन मूळचा क्रँक परत बसवला. पैसे घेतले ते फक्त नव्या कॉटर पिनचे. काढलेली पिन पुन्हा वापरायची नसते, म्हणाले. मी आग्रह केला, तर म्हणाले, “थोरलीला तुम्ही गणितात पास केलंत, ते मी विसरलो नाही.” मी तिला फक्त शिकवलं होतं, पास ती स्वतःच्या मेहनतीने झाली. पण अण्णांनी काही ऐकलं नाही.

आता दुकान तीच थोरली चालवते. ओळखीत कुणाचा पाय मोडला की मी आधी फिजिओथेरपिस्टला विचारायला सांगते, आणि मग सायकल घेण्याआधी तिच्याकडे पाठवते. आखूड क्रँक तिने जपून ठेवलाय, गरज असेल त्याला ती तो बसवून देते.