कॅनन की सोनी? आधी चेहऱ्याचं बोला!

आपल्याकडे काही वाद कधीच मिटत नाहीत. मुंबई की पुणे, चहा की कॉफी आणि खान्देशात आलात तर शेवभाजी जळगावची भारी की धुळ्याची! गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका वादाची भर पडलीय. कॅनन की सोनी?

माझ्या ओळखीत या वादाचे दोन कट्टर पक्ष आहेत. जळगावचा कॉलेजमधला मित्र सोनीवाला. धुळ्याचा आतेभाऊ, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा आमचा दादा, कॅननवाला. दोघं एकमेकांना एकदाच भेटलेत, पण माझ्यामार्फत त्यांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. 'सोनीत चेहरा कोरडा दिसतो' असं एक म्हणणार, 'कॅननचे मेगापिक्सेल मोजून बघ' असं दुसरा. एरवी हा सगळा टाइमपास मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिला असता. पण फ्रीलान्सिंग करताना फोटोसाठी दर वेळी कुणाच्या तरी मागे लागण्याचा कंटाळा आला होता आणि कॅमेरा मलाच घ्यायचा होता. बॉडी आणि लेन्स मिळून लाखाच्या पुढचा मामला. म्हटलं, बॉस, ऐकीव माहितीवर इतके पैसे नाही घालायचे. दोघांचे कॅमेरे चार दिवसांसाठी मागून घेतले आणि जळगाव-धुळे पालथं घातलं.

आधी स्पर्धकांची ओळख. सोनी ए७ थ्री आला फेब्रुवारी २०१८ मध्ये, कॅनन ईओएस आर६ जुलै २०२० मध्ये. दोघांच्याही पुढच्या आवृत्त्या निघाल्या, सोनीची २०२१ मध्ये आणि कॅननची २०२२ मध्ये. पण मांडवात हे दोघं अजून जोरात आहेत. दोन्ही मिररलेस, म्हणजे जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे असायचा तो आरसा यांच्यात नाही. लेन्समधून आलेला उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि डोळ्याला लावायच्या खिडकीत आपल्याला छोटासा स्क्रीन दिसतो. दोघांचाही सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रोलच्या एका फ्रेमएवढा.

आता ते मेगापिक्सेलचं भांडण. सोनीचे २४, कॅननचे २०. ऐकायला फरक मोठा वाटतो ना? पण जरा गणित करू या. सोनीचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, कॅननचा ५४७२ बाय ३६४८. चांगल्या प्रिंटला इंचामागे ३०० ठिपके लागतात असं धरलं, तर सोनीची प्रिंट २० बाय १३ इंचांची होते आणि कॅननची १८ बाय १२ ची. आणि लग्नाच्या अल्बमचं एक पान केवढं असतं? बहुतेक वेळा बारा बाय अठरा! म्हणजे कॅननच्या वीसात ते पान बरोब्बर भरतं आणि सोनीचे वरचे चार मेगापिक्सेल त्या अल्बममध्ये दिसतच नाहीत. व्हॉट्सअॅपच्या डीपीत दोघांचीही काय अवस्था होते, ते तुम्हाला माहीतच आहे.

टेस्टचे नियम साधे ठेवले. दोन्हीकडे ५० मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एकच, ट्रायपॉड एकच. प्रत्येक फोटो रॉ आणि जेपेग अशा दोन्ही फॉर्ममध्ये. प्रत्येक जागी पहिल्या फ्रेममध्ये एक राखाडी कार्ड धरायचं, म्हणजे नंतर रंग जुळवताना आधार मिळतो. आणि प्रत्येक जागी एक तरी माणसाचा चेहरा हवा. ती जबाबदारी माझ्या आतेबहिणीची, म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीची. ती नाशिकला बँकेत आहे आणि सुट्टीवर आली होती. तिचं हे मॉडेलिंग पुढे वेगळ्याच कारणानं महत्त्वाचं ठरलं, पण ते नंतर.

पहिला राउंड, दुपारी बारा वाजता मेहरूण तलावाच्या काठी. खान्देशातलं दुपारचं ऊन म्हणजे कॅमेऱ्याची तोंडी परीक्षाच. आकाश पांढरंफटक, झाडाखालची सावली काळीकुट्ट. दोन्हींच्या रॉ फाइल कॉम्प्युटरवर उघडून सावल्या उचलल्या. सावलीत बसलेल्या माणसाच्या शर्टाचे काज दोन्हींत दिसले. फरक शोधायला फोटो इतका मोठा करावा लागला, की फोटो कशाचा आहे तेच विसरायला झालं.

दुसरा राउंड सराफ बाजारात. जळगावच्या सोन्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ते सोनं ज्या दिव्याखाली बघतो त्याकडे आपलं लक्ष नसतं. कुठे पिवळा दिवा, कुठे पांढरा, बाहेरून येणारा दिवसाचा उजेड वेगळाच. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बिचारा 'फोटोत पिवळेपणा जास्त झाला' असं समजून तो कमी करायला जातो आणि सोन्याचाच रंग उडतो. कार्ड धरून बॅलन्स हातानं सेट केला आणि दोन्ही कॅमेऱ्यांत बांगडी पुन्हा बांगडीसारखी दिसायला लागली.

तिसरा राउंड तापीपलीकडे, यावलच्या बाजूला केळीच्या बागेत. ही जागा मला सगळ्यात आवडली. केळीची पानं उन्हात अर्धवट पारदर्शक असतात. त्यांच्यातून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि तो गालावर, हनुवटीखाली साचतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू ते गुपचूप दुरुस्त करून घेतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. दोन्हींनी माझ्या आतेबहिणीला प्रामाणिकपणे हिरवी करून टाकलं! शेवटी दादानं गाडीतून एक पांढरी चादर काढली आणि चेहऱ्यासमोर धरायला लावली. चादरीवरून परतलेल्या उजेडानं जे काम केलं, ते कुठल्याच मॉडेलच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

मग पारोळ्यावरून धुळे. संध्याकाळी लळिंगच्या किल्ल्याखाली आणि अंधार पडल्यावर पांझरेच्या काठी, एकविरा देवीच्या देवळाच्या परिसरात. आयएसओ ६४०० वर दोघंही निवांत. २५,६०० वर दोघांच्याही फोटोत रवा दिसायला लागला. पण त्या अंधारात फोटो येतोय हेच मुळात सॉलिड होतं.

शेवटी धुळ्यातल्या लॅबमधून बारा बाय अठराच्या प्रिंट काढल्या. रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच कार्डावरून रंग जुळवून. मागे नुसते आकडे लिहिले आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना, दादाच्या असिस्टंट पोरांना ओळखायला सांगितलं. नाणं उडवून सांगावीत तशी उत्तरं आली. खुद्द दादानं एका सोनीच्या प्रिंटवर बोट ठेवून 'हा बघ कॅननचा स्किन टोन' असं सांगितलं. जळगावला प्रिंट पाठवल्या, तर मित्राचा निकालही तसाच.

मग इतकी वर्षं हे भांडत होते ते कशावरून? तर जेपेगवरून. आणि इथे थोडा फंडा समजून घ्यायला हवा.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. कुठल्या ठिपक्यावर उजेड किती पडला, एवढंच कळतं. म्हणून त्याच्यावर बारीक रंगीत चौकोनांची जाळी असते, दर चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही रचना शोधली, तिचं पेटंट १९७६ चं. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग मिळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून उसने घेऊन हिशेबानं भरले जातात. मग चेहऱ्याला किती लाली, सावलीला किती गडदपणा, हे कंपनीच्या रेसिपीनुसार ठरतं. रॉ फाइल म्हणजे भाजलेलं वांगं आणि जेपेग म्हणजे तयार भरीत. वांगं तेच, पण दोन घरचं भरीत सारखं लागतं का? आमच्या फोटोंत कॅननचं जेपेग किंचित उबदार होतं, सोनीचं किंचित थंड. हा चवीचा प्रश्न आहे आणि मेनूत जाऊन चव बदलताही येते.

पण मग ही रेसिपी कुणाच्या चेहऱ्यावर चाखून ठरवली? हा प्रश्न मला घरी आल्यावरही सोडेना. फिल्मच्या जमान्यात कोडॅक लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवायची. त्यातली मॉडेल गोरी असायची. त्या फोटोला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. शर्ली नीट दिसली, की मशीन बरोबर! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. गूगलनं २०२१ मध्ये आपल्या फोनमध्ये 'रिअल टोन' आणला, तोही गडद वर्णाचे चेहरे नीट यावेत म्हणूनच.

आणि आपण? आपण तर शर्ली कार्ड डोक्यातच घेऊन फिरतो.

प्रिंट बघून झाल्यावर आत्या म्हणाली, पोरीचे इतके फोटो काढलेतच, तर बायोडेटासाठी एक चांगला करून दे. दादानं फाइल उघडली आणि सवयीनं एक स्लायडर उजवीकडे सरकवला. चेहरा उजळला. दुसरा सरकवला, नाकाशेजारचा तीळ गेला. मी बघतच राहिले.

"अगं, गिऱ्हाईकच मागतं," दादा म्हणाला. "असा नाही दिला तर म्हणतात, भाऊ, पोरगी काळी आली, तुमचा कॅमेरा भंगार आहे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आत्यालाही तो फोटो पसंत पडला. मग तिनं कौतुकानं लॅपटॉप आपल्या सासूबाईंसमोर नेला. आजींनी चश्मा पुसला, स्क्रीनकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई कोन शे?"

सगळे खो खो हसले. आतेबहीण हसली नाही. ती म्हणाली, "दादा, बघायला येतील तेव्हा दार मी उघडणार आहे. हा फोटो नाही."

खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनं आपल्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस टाकले होते. इकडे आमच्याच घरच्या लॅपटॉपवर तो ग्लो जोरात चालू होता.

दादानं स्लायडर मागे नेले. मग त्यानं जे केलं, त्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देईन. त्यानं मूळ रॉ फाइल उघडली आणि फक्त एक्स्पोजर एका स्टॉपनं वाढवलं. कारण सोपं आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला चेहरा सावळा की गोरा, याच्याशी देणंघेणं नसतं, तो फ्रेम सरासरी राखाडी करायला बघतो. चेहऱ्यामागे पांढरंफटक आकाश असलं, की तो सगळ्यावरच अंधार पाडतो आणि सावळा चेहरा आहे त्यापेक्षा काळा येतो. आपण म्हणतो 'फोटोत काळी आली', आणि उपाय म्हणून गोरं करायला धावतो. खरं तर तिथे उजेड कमी पडलेला असतो. हवा तेवढा उजेड दिला, की सावळा रंग सावळाच राहतो, फक्त तो नीट दिसतो. गालाची चकाकी, कपाळावरची बारीक शीर, तो तीळ, सगळं जागेवर. उजेड देणं आणि गोरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्लायडर मात्र शेजारी शेजारी असतात.

या वेळी आजींनी काही विचारलं नाही. नुसता स्क्रीनवरून हात फिरवला. आत्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. तिच्या फोनमध्ये दोन्ही फोटो आहेत आणि कुठला फॉरवर्ड करायचा, यावर मायलेकींची रोज फोनवर चर्चा चालू आहे.

मी कुठला कॅमेरा घेतला म्हणता? सोनी, तोही सेकंडहँड. इमेज क्वालिटीचा काही संबंध नाही. मी जळगावात राहते, आणि लेन्स उसनी देणारा मित्र जळगावात सोनीवालाच आहे. धुळ्यात राहत असते, तर कॅनन घेतला असता. उरलेल्या पैशांत एक बरी लेन्स, एक राखाडी कार्ड आणि घडीची एक पांढरी चादर आली.

तेव्हा या सीझनला तुमच्या घरी लग्न असेल आणि फोटोग्राफर ठरवायला जाणार असाल, तर त्याच्याकडे कुठला कॅमेरा आहे हे खुशाल विचारा. पण त्याआधी त्यानं केलेला एखादा अल्बम मागून घ्या. त्यात नवरी आणि तिची आई शेजारी उभ्या असलेला फोटो शोधा. दोघी मायलेकी वाटतात का, बघा. वाटत असतील, तर अॅडव्हान्स देऊन टाका.