रुमालांतील मानकरी

पेडण्यास देशप्रभूंचा वाडा पाहावयास गेलेला मनुष्य त्याचे चौक मोजतो, पोर्तुगालच्या राजाने या घराण्यास दिलेल्या व्हिस्काउंट पदवीची कथा ऐकतो आणि तृप्त होऊन परततो. आम्हीही एकदा तसेच परतलो. अशा घराण्यांच्या दप्तराची किंमत आम्हांस पुढे कळली, आणि तीही घरचे कागद गमावल्यावर.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली त्याआधी काही वर्षे गेली होती. राज्य पालटले, तरी देसाई-सरदेसायांची घराणी आणि देवळांचे महाजन राहिले. म्हणून नव्या काबिजादीतील वाड्यांत मोडी आणि पोर्तुगीज कागद एका पेटीत नांदतात. सनदेवर धन्याचे नाव असते खरे. पण वसुलाच्या यादीत कुळाचे असते, देवळाच्या खर्चात वाजंत्र्याचे आणि पालखीच्या भोयाचे असते. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांची नावे धन्याच्या हिशेबात उरली. जुन्या काबिजादीत तर सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तरी त्यांच्या जमिनींच्या सरकारी याद्यांमुळे कित्येक देवांची नावे आज सांगता येतात. सत्तरीतील पिसुर्ल्याचे सुपुत्र डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९३० पासून पणजीचे सरकारी दप्तर सांभाळले, ते या कागदांचे मोल जाणूनच.

आमच्या डिचोलीच्या घरी माळ्यावर लाल कापडाचे दोन रुमाल होते. आजोबांना मोडी येई, वडिलांना येत नसे. वाळवी लागली तेव्हा आजी म्हणाली, अक्षर जाळू नये. एका चतुर्थीस गणपतीबरोबर तिने ते दोन्ही रुमाल नदीत सोडले. आम्ही घाटावर उभे होतो. कोणी हूं की चूं केले नाही.

काही वर्षांनी गावात वाद उपस्थित झाला. जत्रेत पालखीपुढे दिवटी धरण्याचा मान आमच्या घराचा. पलीकडच्या वाड्यावरील एक घर म्हणू लागले, तो मूळचा आमचा. आम्हांस संताप आला. पुरावा शोधण्यासाठी आम्ही एका जुन्या सरदेसाई घराण्याच्या दारी गेलो. यजमानांनी उदार मनाने रुमाल सोडून दिले आणि मोडी जाणणारे एक वृद्ध शिक्षकही बोलावून आणले. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दिवशी देवळाच्या खर्चाची एक यादी निघाली. दिवटीच्या तेलासाठी लावून दिलेले शेत त्या दुसऱ्या घरच्या पुरुषाच्या नावे होते. खाली वेगळ्या हाताने लिहिले होते की, तो वारला, मूल अज्ञान आहे, सबब दिवटी तूर्त आमच्या पूर्वजाने धरावी.

तो ‘तूर्त’ कित्येक पिढ्या चालला होता!

खरे सांगावयाचे तर आम्ही ती नक्कल आठ दिवस कोणास दाखविली नाही. घरचे म्हणाले, आपले रुमाल नदीत गेले, हाही कागद गेला असे समजा. पण ज्या देवापुढे दिवटी धरावयाची, त्याच्यापासून कागद कोठे लपविणार? अखेर महाजनांच्या बैठकीत आम्ही तो स्वतः वाचून दाखविला. त्या जत्रेत दिवटी दुसऱ्या हाती गेली. तेल मात्र आमच्या घरून नेण्याचा आग्रह त्यांनीच धरला.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे एखादे गाठोडे असेल. ते नदीस देण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास दाखवा, पणजीच्या पुराभिलेखात विचारा. थोर घराण्यांनीही आपले रुमाल अभ्यासकांस मोकळे करावेत. त्यांतून निघेल ते आपल्या सोयीचे असेलच असे नाही. आमच्या सोयीचे नव्हते. तरी दर जत्रेस तेलाचा तांब्या घेऊन जाताना आमचे पाऊल पूर्वीपेक्षा हलके पडते.